कोंबड्यांची मर : ती कशी येते व कशी अडवावी



कापसाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो, आणि तो येण्याआधीच त्याच्या वाटण्या ठरलेल्या असतात. बियाण्याचे देणे, खताचे देणे, मजुरी, उसनवारी. कोंबडीच्या पैशाचे तसे नाही. मुलाच्या वह्या घ्यायच्या आहेत, आजारी माणसाला आदिलाबादला न्यायचे आहे, नाताळ तोंडावर आला आहे, अशा वेळी घरची बाई खुराड्यात हात घालते आणि अडलेले काम निभावून नेते. हा पैसा बहुधा तिच्या हातचा असतो. म्हणून परसातल्या दहा कोंबड्या ही लहान गोष्ट आहे असे आम्ही मानत नाही.

परंतु घरभेटींच्या वेळी आम्हांस किती तरी खुराडी रिकामी दिसतात. विचारले तर उत्तर एकच मिळते : "मर लागली, आठ दिवसांत सगळ्या गेल्या." कोणी म्हणतो हवा लागली, कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो हे दरवर्षीचेच आहे. पुन्हा दोन तलंगा विकत आणायच्या, त्या वाढवायच्या, आणि पुढची मर येईपर्यंत वाट पाहायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की मर ही नशिबाची गोष्ट नाही. ती कोणाच्या तरी पायाने, टोपलीने किंवा पिशवीने घरात येते. जी वाटेने येते ती वाटेवर अडवता येते. मात्र एकट्या घराने नव्हे, तर गावाने मिळून.

मानमोडी अथवा राणीखेत

आपल्या भागात खुराडी रिकामी करणारा मुख्य रोग म्हणजे मानमोडी. पशुवैद्य त्याला राणीखेत म्हणतात, आणि आपले तेलुगू शेजारी कोक्केर. नावे तीन असली तरी रोग एकच.

राणीखेत हे कुमाऊँच्या डोंगरातील, आजच्या उत्तराखंड राज्यातील, एका गावाचे नाव आहे. 1926 साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल या शहराजवळ दिसला, आणि त्यानंतर लवकरच आपल्या देशात राणीखेत येथे त्याची नोंद झाली. म्हणून जगात त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात व आपण राणीखेत म्हणतो. त्याच कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे सरकारी पशुवैद्यक संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 1940 नंतरच्या दशकात या रोगावरची लस तयार केली, आणि ती आजही आपल्या देशात वापरली जाते. रोगाचे नाव ज्या डोंगरातले, त्याची लसही त्याच डोंगरातली.

हा रोग विषाणूमुळे होतो. विषाणू हा इतका सूक्ष्म असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो अंगात शिरल्यापासून साधारणपणे पाच-सहा दिवसांत, कधी दोन दिवसांत तर कधी पंधरा दिवसांनी, रोगाची लक्षणे दिसू लागतात. कोंबडी पंख पाडून एका कोपऱ्यात बसते, दाणा टिपत नाही, चोच उघडून धापा टाकते, घशातून घरघर आवाज येतो. हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. जी काही दिवस जगते तिचे पाय व पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते. मानमोडी हे नाव यावरूनच पडले आहे. लस न टोचलेल्या कळपात रोग जोरात आला तर शंभरांतील नव्वद कोंबड्याही मरतात. काही तर लक्षण दिसण्याआधीच सकाळी खुराड्यात मेलेल्या सापडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या रोगावर औषध नाही. लसूण, हळद, कांदा यांनी अपाय होत नाही, परंतु मानमोडी त्यांनी बरी होत नाही. मेडिकल दुकानातून माणसाची गोळी आणून तिची पूड पाण्यात कालवणे हाही व्यर्थ खर्च आहे. ती प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. उपाय एकच, आणि तो रोग येण्यापूर्वी करावयाचा आहे.

मर घरात कशी शिरते

आजारी कोंबडीची विष्ठा, नाका-तोंडाचा स्राव, पिसे आणि मेलेले शरीर यांत हा विषाणू भरपूर असतो. उन्हात तो लवकर मरतो, परंतु सावलीत, ओलीत आणि थंडीत बरेच दिवस टिकतो. आपल्या आदिलाबादची थंडी तर सर्वांना ठाऊकच आहे. त्याच्या वाटा आता पाहू.

पहिली वाट बाजाराची. आठवडी बाजारात दहा गावांच्या कोंबड्या एका जागी पाय बांधून ठेवलेल्या असतात. आपण एक धडधाकट दिसणारी तलंग विकत घेतो, घरी आणतो आणि सरळ आपल्या कोंबड्यांत सोडतो. ती वरून ठीक असते, पण रोग तिच्या अंगात मुरत असतो. न विकलेली कोंबडी बाजारातून परत आणणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

दुसरी वाट सोयऱ्या-धायऱ्यांची. पैनगंगेच्या अलीकडे व पलीकडे आपल्या सोयरिकी आहेत. लेक माहेरून निघाली की तिच्या पिशवीत कोंबडी दिली जाते. ही रीत चांगलीच आहे. पण कोंबडीबरोबर दुसऱ्या गावचा रोगही येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी वाट चपला, टोपल्या व सायकलीच्या चाकांची. गावोगाव कोंबड्या विकत घेत फिरणारा व्यापारी आपल्या अंगणात येतो आणि मर लागलेल्या गावातली घाण त्याच्या टोपलीला चिकटून येते.

चौथी वाट मेलेल्या कोंबडीची. ती नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकली की कुत्री आणि कावळे तिचे तुकडे गावभर नेतात. कापली तर तिची पिसे व आतडी अंगणातच पडतात आणि उरलेल्या कोंबड्या तीच टिपतात.

या चारही वाटा बंद करण्यास पैसा लागत नाही, शिस्त लागते. नवी कोंबडी आली की तिला निदान पंधरा ते वीस दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या डालग्याखाली ठेवावे. तिचे दाणापाणी वेगळे असावे, आणि आधी आपल्या कोंबड्यांचे करून मग तिचे करावे. व्यापाऱ्याला अंगणाबाहेर उभे करून कोंबडी त्याच्याकडे न्यावी. बाजारातून आल्यावर हातपाय व चपला साबणाने धुवाव्यात. साबणाने, चुन्याने व ब्लिचिंग पावडरने हा विषाणू मरतो. मेलेली कोंबडी विहिरीपासून दूर, कमरेइतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

इतर रोगांची ओळख

प्रत्येक मर मानमोडीची नसते, आणि प्रत्येक रोगाचा उपाय निराळा असतो.

देवी : पावसाळ्यात व त्यानंतर तुऱ्यावर, गलोलीवर व डोळ्यांभोवती फोड येऊन खपल्या धरतात. हाही विषाणूचाच रोग आहे आणि डास तो एका कोंबडीकडून दुसरीकडे नेतात. फोड फक्त कातडीवर असतील तर मोठी कोंबडी बहुधा बरी होते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने ते पुसावेत. तोंडात व घशात चट्टे आले तर मात्र खाणे बंद होऊन ती दगावते. देवीची लस वेगळी असते व ती पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. खुराड्याजवळ पाण्याची डबकी राहू देऊ नयेत.

रक्ती हगवण : हा रोग तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांचा. पिल्ले गारठल्यासारखी गोळा होऊन बसतात आणि विष्ठेत रक्त पडते. याला कॉक्सिडिया नावाचे परजीवी कारण आहेत. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांतच रोग देण्याजोगी होतात. म्हणून पिल्लांखालचा भुसा कोरडा ठेवणे आणि ओला झालेला लगेच काढणे हाच अर्धा उपाय होय. रोग दिसताच दवाखान्यातून औषध आणल्यास पुष्कळ पिल्ले वाचतात.

कॉलरा : हा जिवाणूंचा रोग. ताप, हिरवी-पिवळी हगवण, निळसर तुरा, सुजलेली गलोल व अचानक मृत्यू ही त्याची लक्षणे. डॉक्टरांनी वेळेवर दिलेल्या औषधाचा येथे उपयोग होतो. याच रोगाचे जंतू दुबळे करून लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1879-80 साली कोंबड्यांवर लसीचा प्रयोग केला. प्रयोगशाळेत तयार झालेली ही पहिली लस होय. पिसाळलेल्या कुत्र्यावरची त्याची लस नंतर आली.

जंत, उवा व गोचीड : यांनी कोंबडी एका दिवसात मरत नाही, ती झुरते, अंडी कमी देते आणि दुसरा रोग आला की तिच्यात झुंजण्याचे बळ उरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. खुराड्याच्या फटी बुजवाव्यात व आतून चुना मारावा. कोंबड्यांना अंग लोळविण्यासाठी कोरडी राख व माती यांचा एक खड्डा करून द्यावा.

लस : एका घराची नव्हे, गावाची

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मानमोडीची लस सरकारी संस्थांतही तयार होते. महाराष्ट्रात पुण्याजवळ औंध येथे आणि तेलंगणात हैदराबाद येथे तशा संस्था आहेत. लस महाग नाही. मग आपल्या कोंबड्या लशीवाचून का मरतात? याचे कारण लशीच्या बाटलीत आहे.

ही लस कोरड्या गोळीसारखी लहान बाटलीत येते. एका बाटलीत शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त कोंबड्यांपुरती लस असते. ती 2 ते 8 अंश थंडीत ठेवावी लागते. तिच्यात द्रावण मिसळले की साधारणपणे दोन तासांच्या आत ती संपवावी लागते. उरलेली दुसऱ्या दिवशी कामास येत नाही. ज्या घरी आठ कोंबड्या आहेत त्या घराने शंभरांची बाटली आणून काय करावे? म्हणून कोणीच आणत नाही. पोल्ट्रीवाल्याच्या पाच हजार कोंबड्यांना लस मिळते आणि आपल्या आठांना मिळत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

उत्तर साधे आहे. दहा-बारा घरांनी एकत्र यावे. दहा-बारा घरे म्हणजे शंभर कोंबड्या, आणि शंभर कोंबड्या म्हणजे एक बाटली.

कामाची रीत अशी ठेवावी. रविवारी मिस्सेनंतर प्रत्येक घराने आपल्या कोंबड्यांची व पिल्लांची संख्या सांगावी व ती वहीत लिहून घ्यावी. मग मंडलाच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन दिवस ठरवावा. त्या दिवशी कोणीही पहाटे खुराडी उघडू नयेत, कारण एकदा सुटलेली गावठी कोंबडी हाती लागणे किती कठीण असते हे सर्वांना माहीत आहे. लस बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावी आणि ऊन चढण्यापूर्वी काम संपवावे.

कोणती लस केव्हा, हेही समजून घ्यावे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की एफ-1 किंवा लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात अथवा नाकपुडीत टाकतात. पिल्लू साधारण चार आठवड्यांचे झाले की लासोटा पुन्हा देतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर2बी ही मुक्तेश्वरची लस पंखाखाली कातडीत टोचतात. ती जोरकस असल्याने सहा आठवड्यांच्या आतील पिल्लांना कदापि देऊ नये. पुढे दर किती महिन्यांनी पुन्हा द्यावयाची हे डॉक्टरांना विचारून वहीत मांडून ठेवावे. अंगात शक्ती येण्यास आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून मर शेजारच्या गावात आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

हे खेड्यात जमेल काय, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात आय-2 नावाची उष्णता बरीच सोसणारी लस तयार झाली. आफ्रिकेत मोझांबिक व टांझानिया या देशांतील, जेथे विजेचा दिवाही नव्हता अशा खेड्यांत ती पोहोचली. तेथे गावातल्याच माणसांना, त्यांत पुष्कळ बायांना, डोळ्यात थेंब टाकण्याचे शिक्षण देण्यात आले आणि दर चार महिन्यांनी लशीचा दिवस पाळण्याची रीत पडली. ज्यांना ते जमले ते आपल्याहून श्रीमंत नव्हते.

आणखी एक. या कामात आपण फक्त आपल्या धर्मग्रामाच्या घरांपुरते पाहू नये. गावात सर्वांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात. शेजारची घरे, गोंड व कोलाम बांधवांचे गुडे, सर्वांना बोलवावे. अर्ध्या गावाला लस आणि अर्धे गाव उघडे, अशाने रोगाला ठाणे मिळते.

नवापूरचा धडा

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे पोल्ट्रीतल्या कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. पुष्कळांना ही राणीखेतच वाटली. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि 18 फेब्रुवारी रोजी जाहीर झाले की हा बर्ड फ्लू आहे. भारतात कोंबड्यांतील बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांत परसातल्या कोंबड्यांतही तो आढळला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात, आणि जानेवारी 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली गावात तो पुन्हा दिसला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मेले, त्यांतही हाच विषाणू निघाला. हे जिल्हे आपल्यापासून काही परदेशात नाहीत.

बर्ड फ्लूमध्ये डोके व गलोल सुजते, तुरा काळानिळा पडतो, पायांवर रक्ताळलेले डाग दिसतात. पण कित्येकदा तो व मानमोडी यांत डोळ्यांनी फरक करता येत नाही. तो प्रयोगशाळाच सांगू शकते. फरक मात्र फार मोठा आहे. मानमोडीने माणसाचे फार तर डोळे येतात. बर्ड फ्लू माणसाला क्वचितच होतो, पण झाला तर जीव घेऊ शकतो. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा गावात कावळे मरून पडले, तर त्यांना उघड्या हातांनी शिवू नये, मुलांना दूर ठेवावे आणि कळवावे. 1962 या क्रमांकावर फोन करता येतो. 2009 च्या कायद्याने असे कळविणे हे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. कळविले तर आपल्या कोंबड्या मारतील ही भीती आम्ही जाणतो. परंतु सरकार भरपाई देते ती मारलेल्या कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. लपविणाऱ्याचे दोन्हीकडून जाते. निरोगी कोंबडीचे चांगले शिजविलेले मांस व उकडलेली अंडी खाण्यास भय नाही.

मर आलीच तर

शेवटी एक अवघड गोष्ट सांगतो. पहिली कोंबडी मेली की घरात विचार सुरू होतो : उरलेल्या मरण्यापूर्वी बाजारात नेऊन विकाव्यात, निदान चार पैसे तरी येतील. गरिबाच्या घरी हा विचार का येतो हे आम्हांस समजते, आणि त्यासाठी आम्ही कोणाला दोष देत नाही. पण त्या टोपलीबरोबर काय जाते हेही पाहिले पाहिजे. ती तलंग विकत घेणारी बाईही आपल्यासारखीच आहे. तिने साठवलेले पैसे देऊन रोग विकत घेतला, आणि आठ दिवसांनी तिचे खुराडे रिकामे झाले. मग तिच्या गावातून तो दुसऱ्या बाजारात गेला. आपल्या घरी जो आला तोही असाच कोणाच्या तरी टोपलीतून आला होता. शेजाऱ्याचे भले पाहण्याची जी शिकवण आपण रविवारी ऐकतो, ती मंगळवारच्या किंवा शुक्रवारच्या बाजारातही लागू आहे.

म्हणून मर लागताच कोंबड्या कोंडून घालाव्यात. विकू नयेत, कोणाला देऊ नयेत, नव्या आणू नयेत. आजारी वेगळ्या कराव्यात. मेलेल्या पुराव्यात. शेजाऱ्यांना त्याच दिवशी सांगावे, म्हणजे त्यांना आपल्या कोंबड्या आत घेता येतील. साथ संपल्यावर खुराडे रिकामे करून घासावे, चुना मारावा, उन्हात उघडे ठेवावे, आणि महिनाभर तरी त्यात नवी कोंबडी घालू नये.

या रविवारी घरातल्या कोंबड्या मोजून या. वही आम्ही ठेवतो, बाटल्या किती लागतील ते मिळून ठरवू. ज्या घरात आज खुराडे रिकामे आहे त्या घरानेही यावे, कारण तेथे उद्या येणाऱ्या पिल्लांसाठीच हे सारे करावयाचे आहे.